धूमकेतूंचे बिनपगारी पहारेकरी



१९९७ सालचा गुढीपाडवा आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या सुमारास दिवस मावळल्यावर वायव्येच्या आकाशात एक धूमकेतू दिसत असे. त्यासाठी दुर्बीण लागत नव्हती, की शहराबाहेर जावे लागत नव्हते. चाळीच्या गॅलरीतून, एस. टी. च्या थांब्यावरून, शेताच्या बांधावरून तो दिसे. आमच्या गल्लीत तर एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी काठी उंचावून येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवीत. त्याचे नाव हेल-बॉप. हे नाव दोन माणसांचे आहे, हे मात्र त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आले.

२३ जुलै १९९५ च्या रात्री अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत ॲलन हेल आणि ॲरिझोनात टॉमस बॉप, असे दोघेजण धनू राशीतील एकच तारकागुच्छ पाहत होते. दोघांनाही त्याच्या शेजारी एक अंधूक ठिपका दिसला. नकाशात त्या जागी तसे काही नव्हते. हेल हे ज्योतिषशास्त्रात पदवी घेतलेले गृहस्थ. बॉप बांधकामाचे सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. बॉपजवळ स्वतःची दुर्बीणही नव्हती. मित्राच्या दुर्बिणीतून पाहण्याची पाळी त्याच्यावर आली आणि त्या पाळीत धूमकेतू आला! घरी पोचल्यावर त्याने तार केली. पुढे जवळजवळ दीड वर्ष जो धूमकेतू साऱ्या जगाने नुसत्या डोळ्यांनी पाहिला, त्याच्या नावात अशा रीतीने एका साध्या नोकरदाराचे नाव कायमचे गोवले गेले.

आजच्या व्याख्यानाचा विषय अशीच माणसे आहेत. धूमकेतूंचा शास्त्रीय इतिहास सांगताना न्यूटन, हॅली अशी नावे येतात, आणि ती आलीच पाहिजेत. परंतु या इतिहासात शेतकरी आहे, वेधशाळेचा द्वारपाल आहे, छायाचित्रकाराच्या दुकानातील पोऱ्या आहे, शाळामास्तर आहे, पियानोच्या कारखान्यातील कामगार आहे. यांना कोणी या कामावर नेमले नव्हते. बहुतेकांना त्याचा पगारही नव्हता. म्हणून मी त्यांना बिनपगारी पहारेकरी म्हणतो. त्यांनी नेमके काय केले, आणि आपण त्यांच्याकडून काय घ्यावे, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या घरापासून आरंभ करू. मराठीत धूमकेतूला शेंडेनक्षत्र असा जुना शब्द आहे. शेंडी असलेले नक्षत्र! शब्द मोठा गमतीदार आहे. पण त्यामागची भावना गमतीची नव्हती. शेंडेनक्षत्र उगवले की राजा जाणार, दुष्काळ पडणार, साथ येणार, असा समज होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतुचार नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याच्या आरंभीच त्याने सांगून टाकले आहे की, केतूंचे उगवणे आणि मावळणे गणिताने जाणता येत नाही. ग्रहणाचा क्षण गणिताने वर्तवणारे आमचे ज्योतिषी धूमकेतूपुढे हात टेकत. केतू किती, याविषयीही वराहमिहिराने जुनी मते दिली आहेत. कोणी एकशे एक म्हणतात, कोणी हजार म्हणतात. नारदमुनी मात्र म्हणतात की, केतू एकच असून तो अनेक रूपांनी दिसतो. हे वाचून काही मंडळींना नारदांना धूमकेतूच्या कक्षेचे ज्ञान होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एकच केतू परत परत येतो, असे म्हणणे ही कल्पना झाली; तो अमुक वर्षी परत येईल असे म्हणणे आणि तसा तो येणे, हे शास्त्र झाले. या दोहोंच्या मध्ये काय असते? मध्ये नोंद असते.

याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासातून देतो. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे शिवछत्रपतींची बखर लिहिली. महाराजांच्या निधनाच्या प्रसंगी आकाशात धूमकेतू उदय पावला, असे तो लिहितो. महाराजांचे निधन चैत्र शुद्ध पौर्णिमा, शके १६०२, म्हणजे ३ एप्रिल १६८० या दिवशी झाले. आता यानंतर सात महिन्यांनी काय घडले ते पाहा. १४ नोव्हेंबर १६८० रोजी जर्मनीतील कोबुर्ग गावी गोटफ्रीड किर्श नावाच्या पंचांगकर्त्याने दुर्बिणीतून एक धूमकेतू पाहिला. दुर्बिणीतून शोध लागलेला जगातील हा पहिला धूमकेतू. डिसेंबरात त्याचे पुच्छ अर्ध्या आकाशावर पसरले होते. न्यूटनने आपल्या ग्रंथात ज्या धूमकेतूची कक्षा मांडून दाखविली तो हाच. इतका प्रचंड धूमकेतू दक्षिणेतील लोकांनी पाहिला नसेल, हे संभवत नाही. माझा तर्क असा की, पंधरा-सतरा वर्षांनी आठवणीवरून लिहिताना त्या एकाच वर्षातील दोन मोठ्या घटना सभासदाच्या मनात एकत्र आल्या. एवढा मोठा राजा गेला; त्याच साली आकाशात एवढे मोठे चिन्ह दिसले; मनाने दोहोंची गाठ घातली. सभासदाला खोटे पाडण्यासाठी मी हे सांगत नाही. हा माझा तर्कच आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु तो तर्कच राहतो, याचे कारण ध्यानात घ्या. किर्शने तारीख लिहिली, वेळ लिहिली, कोणत्या ताऱ्याजवळ दिसला ते लिहिले. आपल्याकडे दिसले पुष्कळांना. तसे टिपून ठेवलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता तो प्रसिद्ध शेतकरी. १५३१, १६०७ आणि १६८२ या तीन साली दिसलेले धूमकेतू हे तीन नसून एकच आहे, आणि तो १७५८ च्या अखेरीस पुन्हा दिसेल, असे भाकीत एडमंड हॅलीने केले होते. हॅली १७४२ साली वारला. भाकिताचे वर्ष जवळ आले तेव्हा फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत नावाची एक विदुषी यांनी महिनेच्या महिने आकडेमोड करून असे ठरविले की, गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे धूमकेतूला उशीर होईल आणि तो १७५९ च्या एप्रिलच्या मध्यास सूर्याच्या अगदी जवळ येईल. चूक झाली तर महिन्याभराची. पॅरिसमध्ये दलील या ज्योतिर्विदाने धूमकेतू कोठे शोधावा याचा नकाशा काढून आपला कारकून शार्ल मेसिए याच्या हाती दिला. मेसिए बिचारा रात्रीमागून रात्री त्या नकाशाप्रमाणे शोधत राहिला. नकाशाच चुकला होता!

इकडे जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या प्रोलिस नावाच्या खेड्यात योहान पालिच हा शेतकरी राहत होता. शेती सांभाळून त्याने आपल्या आपणच ज्योतिष, गणित आणि वनस्पतिशास्त्र यांचा अभ्यास केला होता. २५ डिसेंबर १७५८ रोजी, नाताळच्या रात्री, त्याने आपली दुर्बीण मीन राशीच्या भागाकडे वळविली आणि त्याला तो अंधूक गोळा दिसला. मेसिएला तो दिसला २१ जानेवारी १७५९ रोजी, म्हणजे जवळजवळ महिन्याने. त्यातही दलीलने ही वार्ता १ एप्रिलपर्यंत बाहेर फुटू दिली नाही. धूमकेतू सूर्याजवळ आला तो १३ मार्च रोजी. म्हणजे क्लेरोने सांगितलेल्या महिन्याच्या चुकीच्या आतच. ज्याचा उदयास्त गणिताने कळत नाही असे वराहमिहिराने म्हटले होते, त्या धूमकेतूचे गणित बसले. आणि ते बसल्याची पहिली साक्ष दिली ती एका शेतकऱ्याने.

पालिचला दैवाने हात दिला असे कोणी म्हणेल. पण आपल्या शिवारातील प्रत्येक झाड ज्याला ठाऊक आहे, त्यालाच नवे रोप उगवलेले कळते. पालिचला आकाशाचा तो भाग इतका पाठ होता की, तेथे एक ठिपका जास्त आहे हे त्याच्या ध्यानात आले. धूमकेतू शोधणे म्हणजे बव्हंशी हेच. धूमकेतू पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याला पुच्छ नसते, तेज नसते. कापसाचा पिंजलेला बारीक पुंजका असतो. तसे पुंजके आकाशात कायमचेही आहेत. ते तेजोमेघ आणि तारकागुच्छ धूमकेतू म्हणून वारंवार फसवीत, म्हणून मेसिएने त्यांची एक यादी केली. हे धूमकेतू नव्हेत, यांच्यावर वेळ दवडू नये, एवढाच त्या यादीचा हेतू. आज मेसिएने शोधलेले धूमकेतू थोड्यांना आठवतात. पण ती टाकाऊ वस्तूंची यादी जगातील प्रत्येक हौशी निरीक्षकाची बाराखडी झाली आहे. हेल आणि बॉप त्या रात्री जो गुच्छ पाहत होते, तो त्याच यादीतील सत्तरावा.

मेसिएनंतर पॉन्सचे नाव घेतले पाहिजे. झाँ-लुई पॉन्स हा १७८९ साली मार्सेय येथील वेधशाळेत द्वारपाल म्हणून लागला. दरवाजा उघडावा, झाडलोट करावी, हे त्याचे काम. तेथील पंडितांनी त्याला दुर्बीण हाताळण्यास शिकविले आणि १८०१ साली त्याला पहिला धूमकेतू सापडला. त्यानंतर सव्वीस-सत्तावीस वर्षांत त्याने सदतीस धूमकेतू पाहिले. डोळ्याने शोधणाऱ्या कोणत्याही माणसाला हा आकडा आजवर गाठता आलेला नाही. त्याच्या भोळेपणाची एक गोष्ट सांगतात. बरेच दिवस धूमकेतू मिळेना म्हणून त्याने झाख नावाच्या ज्योतिर्विदाला उपाय विचारला. झाखने थट्टेने सांगितले, सूर्यावर मोठे डाग दिसू लागले की शोध, तेव्हा सापडतात. पॉन्सने ते खरे मानले. डाग दिसताच शोधू लागला. आणि त्याला धूमकेतू सापडला! त्याने झाखचे आभारही मानले. हसणाऱ्यांनी हसावे. झाखला जे ज्ञान होते ते पॉन्सला नव्हते. पण पॉन्सची जी निष्ठा होती ती किती पंडितांना होती?

१८१८ साली पॉन्सने शोधलेल्या एका धूमकेतूचे गणित एन्केने केले, तेव्हा तो अवघ्या सव्वातीन वर्षांत सूर्याभोवती फेरी मारतो असे निघाले. जगाने त्याला एन्केचा धूमकेतू म्हटले. एन्के स्वतः मात्र त्याला अखेरपर्यंत पॉन्सचा धूमकेतू म्हणत असे. विद्येच्या क्षेत्रातील सौजन्याचे हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते.

स्त्रिया या क्षेत्रात मागे नव्हत्या. कॅरोलिन हर्शेलने १७८६ ते १७९७ या काळात आठ धूमकेतू शोधले. अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावर मराया मिचेल ही ग्रंथपालाचे काम करणारी तरुणी रोज रात्री घराच्या माळ्यावर चढून आकाश पाहत असे. तिचे वडील बँकेत होते आणि घर बँकेच्याच इमारतीत होते. १ ऑक्टोबर १८४७ रोजी तिला धूमकेतू दिसला. दोन दिवसांनी तोच रोममध्ये दे व्हिकोला दिसला आणि त्याची वार्ता युरोपात आधी पसरली. डेन्मार्कच्या राजाने दुर्बिणीतून धूमकेतू शोधणाऱ्यास सुवर्णपदक ठेवले होते. ते कोणाचे, हा प्रश्न सुटला तो तारखेच्या नोंदीने, आणि पदक मिचेलबाईंनाच मिळाले.

एडवर्ड बर्नार्डची कथा तर कादंबरीत शोभावी. त्याचा जन्म १८५७ चा, अमेरिकेतील नॅशव्हिल गावचा. बाप जन्मापूर्वीच गेलेला. नवव्या वर्षी हा मुलगा एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला लागला. छायाचित्रे मोठी करण्याचे यंत्र सूर्याच्या उजेडावर चाले. त्याचे तोंड दिवसभर सूर्याकडे वळते ठेवणे, हे त्याचे काम. पुढे त्याने पोटाला चिमटा घेऊन दुर्बीण घेतली. त्या काळी वॉर्नर नावाचा एक पेटंट औषधांचा व्यापारी नवा धूमकेतू शोधणाऱ्यास दोनशे डॉलर देत असे. बर्नार्डने कर्ज काढून लहानसे घर बांधले. हप्त्याची तारीख जवळ आली की घरात काळजी सुरू होई; आणि वेळेवर एक धूमकेतू सापडे! लोक त्या घराला धूमकेतूंचे घर म्हणू लागले. हाच बर्नार्ड पुढे मोठ्या वेधशाळेत गेला आणि १८९२ साली त्याने गुरूचा पाचवा चंद्र शोधून काढला.

येथे एक शंका येईल. मोठमोठ्या वेधशाळा असताना हे शोध अशा लोकांना का लागले? कारण साधे आहे. मोठी दुर्बीण आकाशाचा अगदी लहान तुकडा दाखविते. सुईच्या नेढ्यातून बाजार पाहावा तसे. शिवाय तिच्या रात्री आधीच ठरलेल्या असतात. धूमकेतू तेजस्वी होतो तो सूर्याजवळ आल्यावर, म्हणजे तो संधिप्रकाशात, क्षितिजालगत दिसतो. तेथे घुमटातली जडशीळ दुर्बीण पोचत नाही. लहान, रुंद दृष्टीची दुर्बीण, पाठ झालेले आकाश आणि पहाटे अंथरुण सोडण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर हे काम चाले. हे भांडवल गरिबाजवळही असू शकते. पण त्याला मोल पडते ते वेळेचे. डेव्हिड लेव्ही याने १९६५ च्या डिसेंबरात शोध सुरू केला आणि त्याला पहिला धूमकेतू सापडला १९८४ च्या नोव्हेंबरात. मध्ये त्याने दुर्बिणीपाशी ९१७ तास घालविले होते. हा हिशेब त्याने ठेवला, हे विशेष.

विसाव्या शतकात अशी माणसे अनेक झाली. ओहायोतील शेतकऱ्याचा मुलगा लेस्ली पेल्टिये याने क्वार्टला दोन सेंट या दराने नऊशे क्वार्ट स्ट्रॉबेरी तोडून अठरा डॉलर जमविले आणि दोन इंची दुर्बीण घेतली. १९२५ साली त्याला पहिला धूमकेतू सापडला, जन्मभरात बारा. इंग्लंडमधील शाळामास्तर जॉर्ज ऑलकॉक याने हजारो ताऱ्यांच्या जागा तोंडपाठ केल्या होत्या. त्याला १९५९ च्या ऑगस्टमध्ये पाच दिवसांत दोन धूमकेतू सापडले. १९८३ साली, म्हातारपणी, घरातल्या घरात बसून खिडकीच्या काचेतून द्विनेत्री दुर्बिणीने पाहताना त्याला आणखी एक दिसला.

परंतु मला सर्वांत जवळचा वाटतो तो जपानचा काओरू इकेया. हामामात्सु गावच्या पियानोच्या कारखान्यात तो कामगार होता. वडिलांचा धंदा बुडाला होता, घराचे नाव खाली गेले होते, आणि धूमकेतूला आपले नाव देऊन ते वर काढावे अशी या मुलाची जिद्द होती, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. दुर्बीण विकत घेणे शक्य नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या हाताने आरसा घासून ती तयार केली. १९६३ च्या जानेवारीच्या आरंभी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला पहिला धूमकेतू सापडला. आणि १९६५ साली तो सुप्रसिद्ध शोध लागला. सप्टेंबरात जपानवरून वादळ गेले आणि त्याच्या मागोमाग आकाश स्वच्छ झाले. १९ सप्टेंबरच्या पहाटे इकेया आपल्या दुर्बिणीपाशी होता. शेकडो किलोमीटरांवर कोची गावी त्सुतोमू सेकी हा गिटारचा शिक्षकही आपल्या दुर्बिणीपाशी होता. सुमारे पाव तासाच्या अंतराने दोघांनी एकच धूमकेतू पाहिला. वादळाच्या दुसऱ्या पहाटे बाकीचे लोक झोपले असतील; हे दोघे जागे होते.

इकेया-सेकी धूमकेतू २१ ऑक्टोबर १९६५ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे साडेचार लाख किलोमीटरांवरून गेला. चंद्र आपल्यापासून आहे त्याहून फारसे अधिक अंतर नाही! त्या दिवशी तो भर दुपारी, सूर्य हाताआड केला असता, सूर्याशेजारी दिसत होता. त्याचे तेज अर्ध्या चंद्राइतके होते. त्या धगीत त्याच्या केंद्राचे तुकडे झाले. त्याच्या वाफेत लोखंड, निकेल अशा धातूंच्या रेषा वर्णपटात सापडल्या. नंतर तो पहाटेच्या पूर्वेला आला. त्या वर्षी आश्विनातील अमावास्या २४ ऑक्टोबरला होती. म्हणजे दिवाळी संपता संपता जे पहाटे उठले, त्यांना आग्नेयेला त्याचे लांबच लांब पुच्छ दिसले. आज जी मंडळी सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना विचारून पाहा.

इकेयाची गोष्ट येथे संपत नाही. १ फेब्रुवारी २००२ रोजी त्याला पुन्हा एक धूमकेतू दिसला. त्याच दिवशी चीनमधील झांग दाछिंग या हौशी निरीक्षकालाही दिसला. त्याची कक्षा मांडल्यावर ध्यानात आले की, १६६१ साली डान्झिग शहरात हेव्हेलियसने पाहिलेला धूमकेतू तो हाच. हेव्हेलियस पेशाने मद्य गाळणारा, गावचा नगरसेवक; घराच्या छपरावर त्याने स्वखर्चाने वेधशाळा उभारली होती. पुढे १६७९ साली ती आगीत भस्मसात झाली. पण १६६१ च्या नोंदी उरल्या. त्या उरल्या म्हणून ३४१ वर्षांनी परत आलेल्या पाहुण्याची ओळख पटली. डान्झिगचा मद्यवाला आणि हामामात्सुचा कारखान्यातील कामगार, यांची गाठ त्या नोंदवहीने घालून दिली.

आता आपल्याकडे पाहू. १६८९ च्या डिसेंबरात पाँडिचेरीला रिशो हा पाद्री धूमकेतूचे वेध घेत असता मित्र हा तेजस्वी तारा जोडतारा आहे, असे त्याला दिसले. म्हणजे आपल्या आकाशाखाली असे शोध लागत होते. फक्त पाहणारे बाहेरचे होते. आपल्यातील पाहणारा म्हणून मला राधागोविंद चंद्र यांचे नाव घ्यावेसे वाटते. पूर्व बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात ते नाणी पारखण्याचे काम करीत. प्रवेशपरीक्षा त्यांना अनेकदा देऊनही उत्तीर्ण होता आली नव्हती. १९१० साली हॅलीचा धूमकेतू आला तेव्हा त्यांनी साध्या द्विनेत्री दुर्बिणीने त्याचे वेध घेतले आणि ते लिहून ठेवले. पुढे लहान दुर्बीण मिळवून ते रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेऊ लागले. अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेला त्यांनी इतकी निरीक्षणे धाडली की, तिने सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठवून दिली. परीक्षेत नापास झालेल्या माणसाच्या नोंदींवर परदेशातील पंडित विसंबून होते. ती दुर्बीण पुढे वेणू बाप्पू यांच्याकडे गेली. हेच बाप्पू १९४९ साली हार्वर्डला विद्यार्थी असताना बोक आणि न्यूकर्क यांच्यासह एका धूमकेतूचे शोधक ठरले. धूमकेतूला लागलेले हे भारतीय नाव. पुण्यातही १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली आणि हौशी मंडळींना एकत्र जमण्यास जागा झाली.

तरीही आपली नावे इतकी थोडी का? पावसाळ्याचे चार महिने आकाश झाकलेले असते हे खरे. पण जपानमध्येही ढग असतात. दुर्बिणी महाग होत्या हे खरे. पण इकेयाने आरसा स्वतः घासला. मला वाटते, खरे कारण वेगळे आहे. आपण आकाशाकडे पाहिले ते आपले काय होणार हे विचारण्यासाठी. आकाशात काय होत आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला फार उशिरा लागली.

शेवटी एक प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. आता या पहारेकऱ्यांची गरज उरली आहे काय? १९९८ पासून स्वयंचलित दुर्बिणी रात्रभर आकाश चाळू लागल्या. आता धूमकेतूंना माणसांऐवजी यंत्रांची नावे लागतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आपण जो तेजस्वी धूमकेतू पाहिला, त्याच्या नावात चीनची एक वेधशाळा आणि ॲटलास हे दुर्बिणींचे जाळे आहे, माणूस नाही. २०२५ साली चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने पहिली चित्रे प्रसिद्ध केली. तिच्या तडाख्यातून फारसे काही सुटेल असे दिसत नाही. हौशी माणसाच्या हातचा घास यंत्राने काढून घेतला, ही खंत खोटी नाही.

पण दुसरी बाजूही आहे. ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियात गेनादी बोरिसोव्ह याने स्वतः बनविलेल्या दुर्बिणीतून जो धूमकेतू शोधला, तो आपल्या सूर्यमालेचा नव्हताच. दुसऱ्या कोणत्या तरी ताऱ्याकडून आलेला पहिला ज्ञात धूमकेतू तो. १२ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे जपानच्या हिदेओ निशिमुरा याला साध्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत धूमकेतू सापडला. तो सूर्याच्या इतका जवळ होता की, मोठी यंत्रे तिकडे पाहत नव्हती. आणि सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो या अवकाशयानाच्या चित्रांतून २०२४ पर्यंत पाच हजार धूमकेतू निघाले. त्यांतले बहुतेक घरी बसून ती चित्रे तपासणाऱ्या हौशी लोकांनी शोधले. चित्र यंत्राने काढले. पण त्यातला ठिपका माणसाने ओळखला.

आणि समजा, उद्या हेही गेले. तरी धूमकेतू दिसल्यावर तो किती तेजस्वी आहे, पुच्छ किती लांब आहे, केव्हा फुटला, केव्हा अचानक उजळला, हे रात्रीमागून रात्री पाहणारे डोळे लागतातच. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये पश्चिमेला एक धूमकेतू आला होता. १८१२ साली मार्सेयच्या त्या द्वारपालाने, पॉन्सने, तो शोधून काढला. एकाहत्तर वर्षांनी तो येतो. ज्या राजांनी त्या काळी युरोप हलवून सोडला, त्यांची राज्ये गेली. झाडलोट करणाऱ्या माणसाचे नाव घेऊन तो धूमकेतू मात्र ठरल्या वेळी आला.

हॅलीचा धूमकेतू यापुढे २०६१ च्या जुलैत सूर्याजवळ येईल. आज या मांडवात आईच्या मांडीवर झोपलेली जी मुले आहेत, ती त्या वेळी संसारी माणसे असतील. ती तो पाहतील. आपल्यापैकी बरेचजण नसू. आपण त्यांच्यासाठी एवढेच करू शकतो की, पुढचा धूमकेतू येईल तेव्हा त्यांना गच्चीवर न्यावे, बोट करून दाखवावे, आणि खाली आल्यावर एक वही पुढे करून सांगावे, ‘आज तारीख काय, वाजले किती, कोणत्या ताऱ्याजवळ दिसला, ते लिही.’